सीटखालची पेटी कोणती घ्यावी?

सभासद बंधूंनो, कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला पिकअप नेणाऱ्यांसाठी हे चार शब्द. सीटखाली ठेवलेली सुटी बाटली घाटउतारावर घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली अडकते. मग ब्रेक पुरता दबत नाही. पान्याचेही तेच. म्हणून कडीच्या झाकणाची पेटी घ्यावी, आणि खाली वायरी नाहीत ना हे पाहून ती बोल्टने आवळावी. माप घेताना सीटवर माणूस बसवावा, सीट दबते! कोकणच्या दमट हवेत पत्रा लवकर गंजतो, आम्ही तर जाड प्लॅस्टिकच घेऊ. कागदपत्रे मात्र वरच ठेवावीत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरले, तेव्हा गाड्याही बुडाल्या. डिझेलच्या ‘छोटा हत्ती’चे इंजिनच सीटखाली असते; तिथे पेटीचा नादच नको.