उत्तरावर बोट ठेवता आलं पाहिजे

पोरी, नर्सिंग करून तू दवाखान्यात लागलीस, आता इंग्लंडचं मनावर घेतलंयस, आणि सगळं जमतंय पण रीडिंगचा बँड सहाच्या वर सरकत नाही म्हणून हिरमुसली आहेस. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसच्या वाचनात ७ लागतात. लेखनात साडेसहावर भागतं, वाचनात भागत नाही. पण सहा आणि सातमध्ये अंतर केवढं आहे ते आधी नीट बघ. चाळीसपैकी साधारण २३ उत्तरं बरोबर आली की सहा बँड, ३० आली की सात. तुला सात-आठ उत्तरं वाढवायची आहेत, एवढंच. त्यासाठी इंग्रजी पहिल्यापासून शिकायची गरज नाही, वाचायची सवय बदलायला लागेल. उमरगा-लोहाऱ्यापासून कळंबपर्यंत पोरांना इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यात जे पक्कं कळलं ते तुला सांगते. आत्याचं म्हणून ऐकू नकोस, करून बघ आणि मग ठरव.

आपल्याकडे दहावी-बारावीला उतारा कसा सोडवायचा हे तुला आठवत असेल. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की ती अख्खी ओळ उतरवून काढायची. पोरं उतारा न वाचताही पैकीच्या पैकी मिळवायची, आणि आम्हीही देत होतो. तीच सवय इथे गळ्याशी येते. आयईएलटीएसमध्ये ६० मिनिटांत तीन उतारे असतात, सगळे मिळून अडीच हजार शब्दांच्या आसपास, आणि प्रश्न बहुतेक वेळा वेगळ्या शब्दांत घातलेला असतो. उताऱ्यात ‘पावसानं दगा दिला’ असेल तर प्रश्नात ‘अपुरं पर्जन्यमान’ येईल. उलट प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा दिसला तर तिथे जरा जास्तच सावध राहा. चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द पेरून ठेवायची पेपर काढणाऱ्यांची रीतच आहे. शब्द जुळवू नकोस, अर्थ जुळव. माणसांची नावं, गावं, सालं आणि आकडे मात्र सहसा बदलत नाहीत, म्हणून जागा शोधायला त्यांचा आधार घे.

आता मुख्य गोष्ट. उत्तर कुठलंही असो, ते ज्या ओळीवरून काढलंस त्या ओळीवर तुला बोट ठेवता आलं पाहिजे. सरावाच्या वेळी खरोखर ठेव. कागदावर पेन्सिलीनं खूण कर, प्रश्नाचा नंबर समासात लिही. परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर तिथेही ओळ रंगवायची सोय असते. बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर तुझ्या डोक्यातून आलंय, उताऱ्यातून नाही.

हे सगळ्यात जास्त कुठे लागतं, तर ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनच्या प्रश्नांत. मुलं तिथेच सांडतात, म्हणून आपल्याच मुलखातला एक नमुना घेऊन दाखवते. तेर तू पाहिलंस, गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण जातोच. ते तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचा उल्लेख आहे. मजकूर थोडक्यात असा: भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर दक्षिणेला पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मोठाल्या मुलखातून भडोचला आणतात. पैठणहून मौल्यवान खडे येतात, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते.

आता चार विधानं घे.

पहिलं, तगर पैठणच्या पूर्वेला होतं. ओळ आहे, बोट ठेवता येतं. ट्रू.

दुसरं, तगरचा माल बांधलेल्या रस्त्यानं भडोचला जाई. इथेही ओळ आहे, पण ती उलट सांगते, रस्ता नसलेल्या मुलखातून. फॉल्स. फॉल्स म्हणायलाही ओळ लागते, हे पक्कं ध्यानात ठेव. नुसतं ‘असं काही वाचल्यासारखं वाटत नाही’ म्हणून फॉल्स लिहायचं नसतं.

तिसरं, तगर हे पैठणपेक्षा मोठं शहर होतं. इथे भले भले ट्रू लिहितात, कारण तगरला ‘फार मोठं शहर’ म्हटलंय. पण पैठणशी तुलना कुठे केलीय? बोट ठेवायला गेलीस तर ‘मोठं’ सापडेल, ‘पैठणपेक्षा’ सापडणार नाही. नॉट गिव्हन. विधानात तुलना असेल तर उताऱ्यातही तुलनाच सापडली पाहिजे.

चौथं, तगरच्या व्यापाराचे पुरावे उत्खननात सापडले आहेत. तू तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेली आहेस, तिथली हस्तिदंती बाहुली पाहिली आहेस, विधान खरं आहे हे तुला ठाऊक आहे. आणि म्हणूनच तू ट्रू लिहिशील. पण या उताऱ्यात उत्खननाचा शब्दसुद्धा नाही. नॉट गिव्हन. आपल्याला माहीत असलेल्या विषयावरचा उतारा आला की पोरं खूश होतात. मी म्हणेन, त्याच उताऱ्याला जास्त जपायचं. नर्सिंगवाल्या मुलींचे आरोग्यावरच्या उताऱ्यात गुण जातात ते याच कारणानं. वॉर्डात काय करतात ते त्यांना पाठ असतं, उताऱ्यात काय लिहिलंय ते राहून जातं.

दुसरी जागा आहे लहान शब्दांची. ‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘सम’, ‘ओन्ली’, ‘मे’, ‘वॉज थॉट टू बी’. हे शब्द सोपे म्हणून डोळे त्यांच्यावरून घसरतात आणि अर्धे प्रश्न त्यांच्यावरच उभे असतात. किल्लारीच्या भूकंपाचं बघ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लातूरइतकाच आपला उमरगा-लोहाऱ्याचा भाग, सास्तूरसारखी गावं त्यात होरपळली. त्या भूकंपावर जगभरच्या अभ्यासकांनी इंग्रजीत लिहिलं, कारण दख्खनचा हा पट्टा स्थिर समजला जायचा. ‘समजला जायचा’ आणि ‘होता’ यात फरक आहे की नाही? माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्याचा त्या भूकंपाशी काही संबंध असावा का, अशी चर्चा काही संशोधकांनी केली. आता विधान आलं की ‘धरणामुळे भूकंप झाला हे सिद्ध झालं आहे’, तर ते उताऱ्याशी जुळणार नाही. लेखकानं शंका मांडली की निष्कर्ष काढला, एकाचं मत सांगितलं की सगळ्यांचं, हे पेन्सिलीनं गोल करत जा. महिनाभर गोल केलेस की मग डोळे आपोआप तिथे थांबायला लागतील.

परिच्छेदाला मथळा जुळवायच्या प्रश्नातही किल्लारीच उपयोगी पडेल. समज, परिच्छेद भूकंपाच्या तीव्रतेच्या आकड्यानं सुरू होतो. पुढे सांगतो की जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या होत्या, त्यावर माळवदाच्या मातीचा बोजा, आणि लोक झोपेत असताना ते सगळं अंगावर आलं. मथळ्यांत एक असेल ‘भूकंपाचं मोजमाप’ आणि एक असेल ‘घरं का ढासळली’. पहिल्या वाक्यावर भाळलेली मुलगी मोजमाप निवडते. तू परिच्छेद शेवटपर्यंत वाच, मग कागदावर हात ठेवून तो झाक आणि मराठीत चार-पाच शब्दांत स्वतःला सांग की यात काय होतं. मथळे त्यानंतर बघ. आधी मथळे वाचलेस की सगळेच खरे वाटायला लागतात.

मराठीत सांग म्हटलं ते परिच्छेदाचं सार. वाक्य न् वाक्य मनात मराठी करत वाचणं मात्र सोडायला हवं. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं कर्त्याला लागून. त्यामुळे भाषांतर करणारी मुलगी प्रत्येक लांब वाक्याच्या शेवटाला जाऊन परत मागे येते आणि तिचा तिसरा उतारा राहतो. त्यापेक्षा वाक्य तुकड्यातुकड्यानं घे. कर्ता कोण, त्यानं काय केलं, हे दोन आधी पकड. ‘विच’, ‘हू’ने जोडलेली शेपटं नंतर. मोठ्यानं वाचताना बरोबर जागी श्वास घेता आला तर वाक्य कळलंय असं समज. रोज एक परिच्छेद असा मोठ्यानं वाच, रात्रपाळी असली तर घरी आल्यावर वाच.

अडलेल्या शब्दापाशी थांबू नकोस. वखर चालवताना मोठा धोंडा आडवा आला तर गडी वखर उचलून पुढे टाकतो, धोंडा खणत बसत नाही. त्या शब्दावाचून प्रश्न सुटतो का बघ, बहुतेक वेळा सुटतो. सराव संपल्यावर मात्र डिक्शनरी उघड आणि शब्द ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य वहीत लिही. सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करणं मला कधीच पटलं नाही.

आता सराव कसा करायचा ते. केंब्रिजची जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं मिळतात, तीच घे. नेटवरच्या फुकट चाचण्यांत कित्येकदा उत्तरंच चुकलेली असतात, त्यांच्या नादी लागून मन खट्टू करू नकोस. सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेव. एक उतारा, लागेल तेवढा वेळ, प्रत्येक उत्तराला ओळ. असं करून चौदापैकी बारा-तेरा बरोबर यायला लागले की मग घड्याळ लाव. उलटं करणाऱ्या मुली रोज एक चाचणी देतात, रोज तेवीस-चोवीस मोजतात आणि महिन्यानं तिथेच असतात. चाचणी देण्याहून दुप्पट वेळ चुका तपासण्यात गेला पाहिजे. प्रत्येक चुकीपुढे कारण लिही: ओळ सापडली नाही, ओळ सापडली पण लहान शब्द निसटला, प्रश्नच नीट वाचला नाही, पदरचं ज्ञान घातलं, वेळ संपला. आठ-दहा उताऱ्यांत तुला दिसेल की निम्म्याहून जास्त चुका एकाच कारणाच्या आहेत. तेवढं एक कारण धरून काढ.

वेळेचं सांगायचं तर तिसरा उतारा बहुधा सगळ्यात अवघड असतो, म्हणून तिन्हींना सारखी वीस मिनिटं देऊ नकोस. पहिला सोळा-सतरा मिनिटांत संपव, उरलेला वेळ तिसऱ्याला. गाळलेल्या जागा आणि ट्रू-फॉल्सचे प्रश्न सहसा उताऱ्याच्या क्रमानं येतात, म्हणजे पाचव्याची ओळ सापडली तर सहाव्याची तिच्या खाली शोध. मथळ्यांना तो क्रम लागू नाही. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ म्हटलं असेल आणि तू तीन लिहिलेस तर उत्तर बरोबर असूनही गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडू नकोस. कागदावर परीक्षा दिलीस तर उत्तरपत्रिकेत उतरवायला वाचनाला जादा वेळ मिळत नाही, ती ६० मिनिटांतच भरायची असते.

एक वाट आणखी आहे, तिचाही विचार कर. आरोग्यसेवकांसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षा असते, इंग्लंडचं कौन्सिल तीही मानतं. वाचनात बी ग्रेड, म्हणजे ३५० गुण लागतात. त्यातला पहिला भाग फक्त १५ मिनिटांचा, चार छोटे मजकूर आणि २० प्रश्न. वॉर्डात औषधांचे तक्ते आणि सूचना भराभर चाळायची तुला सवय आहे, तो भाग तुला जमेल. पण पदरच्या ज्ञानाची गल्लत तिथे जास्त होते, कारण सगळा मजकूर दवाखान्याचाच. मी तुझ्या जागी असते तर दोन्हींचा एकेक नमुना पेपर घरी सोडवला असता आणि मग निवड केली असती. मैत्रिणी कुठली देताहेत यावर ठरवू नकोस.

रोजच्या वाचनाला इंग्रजी पेपरातला अग्रलेख आणि विज्ञानाचं पान पुरेसं आहे, मोबाईलवर वाचलंस तरी हरकत नाही. वाचून झालं की लेखकाचं म्हणणं एका वाक्यात तुझ्या आईला मराठीत सांग. वहिनीला इंग्रजी येत नाही, पण तुझं सांगणं धड आहे की नाही हे तिला बरोबर कळेल.

आणि तारीख घ्यायची घाई करू नकोस. फी हजारांत आहे, परीक्षेसाठी पुण्यापर्यंत जाण्याराहण्याचा खर्च वेगळा, आणि आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षं धरतात. घरी घड्याळ लावून लागोपाठ तीन पूर्ण पेपर दे. तिन्हींत ३२ च्या खाली आली नाहीस तर त्याच दिवशी फॉर्म भर. एकातही आलीस तर वही उघड, कारण बघ आणि आणखी पंधरा दिवस थांब.