एसी कधी रुसतो, ते लिहून ठेव

बापू, सर्व्हिस सेंटरवाले गाडी सकाळी नऊ-साडेनऊला बोलावतात, तिथेच तू फसतोस. साखऱ्याहून उन्हं वर यायच्या आत निघतोस, हिंगोलीत पोचतोस तेव्हा रस्ता तापलेला नसतो, गाडीचं टपही तापलेलं नसतं. तिथला पोरगा जाळीसमोर हात धरतो, "सर, कूलिंग ओके आहे" म्हणतो आणि तू सही करून माघारी येतोस. दुपारी दोनला तीच गाडी तुला घामानं भिजवते. कायमचा बंद पडलेला एसी बरा, त्याचं दुखणं कुणालाही दिसतं. कधी गार, कधी गरम असा बिघाड गॅरेजच्या सावलीत दिसतच नाही. वॉरंटी संपायला आलेली असताना तो पकडून दाखवायचं काम तुझं आहे, मेकॅनिकचं नाही.

म्हणून वेळ मागायची ती दुपारची. देत नसतील तर गाडी सकाळी सोड, पण चाचणी दुपारी आणि तुझ्यासमोर घ्यायची, हे आधी कबूल करून घे. मेकॅनिकला शेजारी बसव आणि ज्या रस्त्यावर, जितक्या वेळानं एसी दगा देतो तितकी गाडी चालव. नुसती आवारात एक फेरी मारून काही कळत नाही.

त्याआधी घरचा अभ्यास. डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेव. एसी रुसला की वार, वेळ, किलोमीटर लिहायचे. गाडी उभी होती की पळत होती, किती वेळ चालू होती, वारा कमी झाला होता की वारा तेवढाच पण गरम होता, हेही लिहायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि लोक नेमका तोच विसरतात. स्वयंपाकघरात वापरतात तसला टोकदार सळीचा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत खोच, आतली हवा फिरवायचं बटण दाब, पंखा मध्यम ठेव आणि गाडी पंधरा मिनिटं चालव. बाहेर बेचाळीस अंश असताना जाळीतून पाच अंशांची हवा येईल अशी आशा धरू नकोस, पण बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी गार हवा यायला हवी. मोबाइलवर चित्रण घेशील तर त्यात किलोमीटरचा आकडा आणि थर्मामीटर एकत्र येऊ दे. आणि चित्रण शेजारच्यानं करायचं, तू स्टिअरिंग सोडायचं नाही.

आता दुखण्याच्या जाती. पळत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, म्हणजे मोंढ्यात हळदीच्या ट्रॅक्टरांमागे अडकलास की एसी बसतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलास की पुन्हा गार, तर संशय पुढच्या कंडेन्सरवर आणि त्याच्या पंख्यावर घ्यायचा. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप कंडेन्सर गार करतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरला नाही की गॅसचा दाब वाढतो आणि दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. एसी चालू ठेवून बॉनेट उघडायचं आणि पंखा फिरतो का ते लांबून बघायचं. हात आत घालू नकोस, तो पंखा न सांगता सुरू होतो. इंजिनाचा काटाही बघ. इंजिन जास्त तापलं तर गाडी स्वतःच एसी बंद करते, मग दुखणं एसीचं नसून रेडिएटरचं असतं.

आपल्याकडे कंडेन्सर तुंबायला वेळ लागत नाही. मार्च-एप्रिलात हळद शिजवून वाळवायची, मग ड्रममध्ये पॉलिश करायची. तो पिवळा धुरळा आणि सोयाबीन काढणीचा भुसा कंडेन्सरच्या जाळीत बसतो. ड्रम चालू असताना गाडी वाऱ्याच्या तोंडाला उभी करू नकोस. पाण्यानं धुताना नळाचा साधा फवारा पुरे. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं ॲल्युमिनियमच्या पात्या मुडपतात आणि वाट कायमची बंद होते. आतला एसी फिल्टरही असाच तुंबतो, तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो. फिल्टर तुंबला की वारा कमी येतो आणि लोक म्हणतात गॅस संपला.

दुसरी जात फसवी. निघताना छान गार, तासाभरानं वारा मंदावत जातो, पंखा मात्र तेवढाच घोंघावतो. एसी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा ठणठणीत. याचा अर्थ आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. वारा त्या बर्फातून पलीकडे येईना. कॉइलचं तापमान सांगणारा सेन्सर चुकीचं सांगत असेल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकत असेल किंवा गॅस कमी असेल. गाडी सेंटरला नेईपर्यंत बर्फ वितळलेला असतो आणि पुरावा रस्त्यावर गळून गेलेला असतो. तू सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार नाही. गाडीखाली थेंब-थेंब पाणी पडणं हा मात्र दोष नाही. उलट दमट हवेत ते पडायलाच हवं. गाडीत पायाशी पाणी साचलं तर ते बाहेर सोडणारी नळी तुंबली.

तिसरी जात म्हणजे इंजिन गार असताना चालणारा आणि ढाब्यावर जेवून परत निघालास की न चालणारा एसी. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला चुंबकी क्लच असतो, तो धरताना 'टक्' आवाज येतो. क्लचची फट वापरानं वाढली की गरम झाल्यावर चुंबकाला तो ओढवत नाही. कधी दोष नुसत्या रिलेचा, म्हणजे किरकोळ किमतीच्या भागाचा असतो. नव्या बऱ्याच गाड्यांत हा आवाज येतच नाही, त्यामुळे आवाज नाही म्हणून लगेच घाबरू नकोस. आणि डॅशबोर्डामागे टिक-टिक वाजत असेल, एका जाळीतून गार आणि दुसरीतून कोमट येत असेल, तर आतली झडप फिरवणारी मोटर बघायला सांग.

गॅसविषयी तर मी कंठशोष करून थकलो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कित्येक वर्षांत थोडा पाझरतो, ते वेगळं. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. सांध्याशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तिथे बोट ठेव. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. किती ग्रॅम गॅस भरायचा आणि कोणता, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. पुष्कळ गाड्यांत आर-१३४ए असतो, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. भरायचा तो वजनावर, हाताला नळी गार लागली म्हणून नव्हे. जास्त भरला तरी एसी कमीच गार करतो.

वॉरंटी चालू असताना चौकातल्या गॅरेजात नळ्यांना पाना लावू देऊ नकोस, मिस्त्री कितीही ओळखीचा असो. गळती बुजवणारी डबीतली औषधं तर अजिबात नकोत. तुझी गाडी कोणीतरी खोललेली दिसली की कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. मग भांडत बस.

आता कागद. जॉब कार्डावर 'एसी चेक' एवढंच लिहून घेतात. तसं चालणार नाही. 'दुपारी तासभर चालवल्यावर जाळीतला वारा कमी होतो, बंद ठेवल्यावर परत येतो' असं तुझ्या शब्दांत, तुझ्यासमोर लिहून घे. काही सापडलं नाही म्हणाले तर तेही लिहून माग: गॅसचा दाब किती आला, जाळीत तापमान किती होतं, चाचणी किती वाजता घेतली. प्रत घेतल्याशिवाय सही नाही. आवाज चढवायचा नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर बिचारा पगारी माणूस, त्याच्या वरच्याला दाखवायला कागद लागतो आणि तो कागद तू पुरवायचा.

वॉरंटीचं पुस्तक उघडून बघ. मुदत वर्षांची आणि किलोमीटरची, जे आधी संपेल ते. बऱ्याच कंपन्यांची तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर असते. आपली माणसं तारीख मोजतात आणि आकडा विसरतात, नांदेड-अकोल्याच्या भाड्यांत किलोमीटर आधी पुरे होतात. फिल्टर, पट्टे, गॅस हे बहुधा वगळलेलं असतं. भाग वॉरंटीत बदलला तर त्यासाठी काढलेला गॅस परत कोण भरणार, हे आधी विचार. बदललेल्या भागाला अनेकदा मूळ मुदतीतले उरलेलेच दिवस मिळतात. म्हणून मुदत संपायच्या आत तीच तक्रार पुन्हा आली तर पुन्हा जॉब कार्ड कर, कंटाळू नकोस. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर तीही बहुतेक ठिकाणी मूळ मुदत संपण्याआधीच घ्यावी लागते. पैसे मोजण्याआधी कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल ही नावं त्यात लिहिलीत का, ते वाच.

एवढं करूनही टोलवाटोलवी झाली तर कंपनीच्या ग्राहक कक्षाला चॅसिस नंबर आणि जॉब कार्डांच्या प्रतींसह ईमेल कर. मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, गाडी नांदेडला घेतली असली तरी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. गाडी पाच ते दहा लाखांची असेल तर फी दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांची असेल तर चारशे. भाड्याची गाडी म्हणून ग्राहक नाहीस, असं कोणी म्हणालं तर सांग की स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो.

आमच्या वेळी ट्रकच्या केबिनमध्ये उघडी खिडकी आणि मानेवर ओला पंचा, एवढाच थंडावा. आता नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे, म्हणजे ड्रायव्हरच्या पोरांनाही ही दुखणी कळायला लागतील. तू तेवढी उद्याच्या उद्या पुस्तकातली तारीख आणि मीटरवरचा आकडा बघून मला सांग. महिनाभरच उरला असेल तर येत्या आठवड्यातली दुपारची वेळ घे. मी मागच्या सीटवर बसेन, थर्मामीटर माझ्याकडे दे.