निलगिरी पर्वतावरची 'निलगिरी' : झाडं वाढली, वनस्पती घटल्या

निलगिरीचं झाड तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. सरळसोट खोड, सोलून निघणारी साल आणि चुरगाळलं की तेलाचा वास येणारं पान. नावावरून वाटतं, हे झाड निलगिरी पर्वतातलंच असणार. पण तसं नाही! ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी १८४० च्या दशकात ते निलगिरीत आणलं. म्हणजे मराठीत आपण पाहुण्यालाच यजमानाचं नाव देऊन टाकलंय.

मूळचा निलगिरी कसा होता?

तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक जिथे भेटतात, तिथे हा पर्वत आहे. दोड्डाबेट्टा हे त्याचं शिखर २,६३७ मीटर उंच. वरच्या भागात घळींमध्ये ठेंगणं, दाट, सदाहरित जंगल असतं. त्याला 'शोला' म्हणतात. बाकीच्या उतारांवर गवत. हिवाळ्यात तिथे दहिवर गोठतं, त्यात शोलातल्या झाडांची उघड्यावरची रोपं सहसा तगत नाहीत. म्हणून गवत ही तिथली मूळचीच वनस्पती आहे. झाडं तोडून झालेली ओसाड जागा नव्हे.

या गवतातच नीलकुरिंजी वाढते. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ही बहीण. कारवी सात वर्षांनी फुलते, तर नीलकुरिंजी बारा वर्षांनी. निलगिरी ताहर ही रानबकरी याच गवतावर जगते. तोडा लोकांच्या म्हशीही इथेच चरतात.

मग बिघडलं कुठे?

गवताळ डोंगर पाहून इंग्रजांना वाटलं, जागा रिकामी पडलीय. आधी सरपणासाठी निलगिरी लावली. चामडं कमावायला साल हवी म्हणून ऑस्ट्रेलियातलाच वॅटल लावला. हा बाभळीच्या जवळचा. पुढे मेक्सिकोतला पाईनही आला. स्वातंत्र्यानंतर लाकूड आणि कागद-कापडाच्या लगद्यासाठी ही लागवड आणखी वाढली.

परिणाम असे झाले :

१. दाट सावलीमुळे ऊन लागणारं गवत आणि छोटी फुलझाडं मेली.
२. पाईनच्या वाळक्या सुयांचा जाड थर जमिनीवर साचला. त्यातून बारीक रोपांना वर येणं कठीण झालं.
३. वॅटल लावलेल्या जागेत थांबला नाही. त्याचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. झाड तोडलं किंवा वणवा लागला की शेकडो रोपं उगवतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. जुन्या वॅटलच्या सावलीत काही ठिकाणी शोलातली झाडं रुजलेली दिसतात. म्हणून सरसकट कुऱ्हाड चालवणंही बरोबर नाही. पण त्या सावलीत गवत काही परत येत नाही. गवत वाचवायचं तर उरलेल्या माळावर आलेली वॅटलची रोपं लहानपणीच उपटावी लागतात, आणि तीही दरवर्षी.

आपण काय शिकायचं?

झाड लावणं चांगलंच आहे. पण कोणतं झाड आणि कुठे, हा प्रश्न आधी विचारायचा. माळ हिरवागार दिसला म्हणजे निसर्ग वाचला, असं नसतं.

उपक्रम : पावसाळ्याच्या शेवटी गावातल्या मोकळ्या माळावर दोरीने एक मीटरचा चौकोन आखा. त्यात किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते मोजा. तसाच चौकोन निलगिरीच्या किंवा गिरिपुष्पाच्या लागवडीखाली आखा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि फरक का पडला असेल, यावर पाच ओळी लिहा.