दिवाळीत मी घरी काय नेलं?

हॉस्टेलमध्ये सर्दी ही काही बातमी नसते. एकाला झाली की आठवडाभरात अख्खी विंग शिंकते. मेसमध्ये एकाच जगातलं पाणी, एकाच्या टॉवेलला दुसऱ्याचे हात, आणि सबमिशनच्या रात्री एका खोलीत सहा जण खिडक्या लावून. सर्दीसाठी रेक्टर सरांकडे सुटी मागायला गेलो तर सरच हसतील. मीही कधी तिला भाव दिला नव्हता. पण २०२३ च्या दिवाळीनंतर माझं मत बदललं. कसं ते सांगतो.

माझं गाव अल्लीपूर, जिल्हा वर्धा. धनत्रयोदशीला, म्हणजे १० नोव्हेंबरला मी घरी पोचलो. नाक आदल्या दिवसापासून वाहत होतं. माझ्या रूम पार्टनरला चार-पाच दिवस आधी तेच झालं होतं. घरी ताई बाळंतपणासाठी आलेली होती आणि भाचा तीन महिन्यांचा. त्याला मी तोवर फक्त मोबाईलवर पाहिलेलं. बॅग ओसरीत टाकली आणि पहिलं काम काय केलं, तर त्याला उचलून गालाचा पापा घेतला. आई म्हणाली, "अरे, हात तर धुऊन घे!" मी म्हटलं, "असू दे ना वं आई, आपलंच घर आहे."

त्यात कापसाचे दिवस. पहिला वेचा घरात आलेला, भाव वाढेल म्हणून मोठ्या खोलीत रचून ठेवलेला. त्यामुळे उरलेल्या एका खोलीत आजी, आई, ताई, बाळ, माझी सात वर्षांची पुतणी आणि मी असे सगळे झोपायचो. थंडी पडली म्हणून खिडकी बंद.

पाडव्याला पुतणी शिंकायला लागली. भाऊबीजेला बाळाचं नाक वाहायला लागलं. शुक्रवारी रात्री ते दूध ओढेना. आजी म्हणाली, "डब्बा झाला लेकराले." शेजारच्या आशाताई आल्या, बाळाचा सदरा वर केला आणि घड्याळ लावून श्वास मोजले. एका मिनिटात ६४. बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जात होती. त्या म्हणाल्या, "आता सकाळची वाट नका पाहू." दादानं गाडी काढली आणि आम्ही रातोरात सेवाग्राम गाठलं. बाळ पाच दिवस ऑक्सिजनवर होतं. आता ते ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं नीट वाचणार नाही.

डॉक्टर म्हणाले, ब्राँकिओलायटिस. लक्षणांवरून बहुधा आरएसव्ही. म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस. नाव अवघड असलं तरी तो घराघरातला आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल त्याला एकदा तरी भेटतं. मोठ्यांनाही तो पुन्हा पुन्हा होतो, फक्त आपण त्याला सर्दी म्हणतो. अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. ऑक्सिजन, दूध-पाणी पोटात जाईल हे बघणं आणि नाक साफ ठेवणं, एवढाच मुख्य उपचार.

मग मला जे शिंक्यांवर निभावलं ते बाळाला का झेपलं नाही? याचं उत्तर आपल्याच फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आहे. पॉइझ्युलचा नियम आठवा: नळीचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. समजा, मोठ्या माणसाच्या श्वासनळीची त्रिज्या ४ मिमी आणि बाळाच्या नळीची २ मिमी. दोन्हीकडे आतून १ मिमी सूज आली. मोठ्याची झाली ३, रोध वाढला ३.१६ पट. बाळाची झाली १, रोध वाढला १६ पट! (श्वासनळीतला प्रवाह सगळीकडे लॅमिनार नसतो हे मला माहीत आहे, व्हायवाला विचारू नका.) ही डेरिव्हेशन मी दोनदा परीक्षेत लिहिली होती. तिचा अर्थ सेवाग्रामच्या बाकावर बसून कळला.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की पुतणीनंच शाळेतून आणलं असणार. तसं ते पटण्यासारखंही आहे. केनियातल्या किलिफी भागात २००९-१० मध्ये संशोधकांनी खेड्यातल्या घरांमध्ये सहा महिने आठवड्यातून दोनदा सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले. लागण झालेल्या तान्ह्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना ती घरातूनच मिळाली होती, आणि त्यातल्या बहुतेक वेळी आणणारं मोठं भावंडं होतं.

पण मग रिकाम्या वेळात मी वहीत तक्ता मांडला. कोणाला कधी सुरू झालं? मी ९ तारखेला, पुतणी १४, बाळ १५. या विषाणूला शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात. पुतणी आणि बाळ यांच्यात एकाच दिवसाचं अंतर. तिच्याकडून त्याला जायला तेवढा वेळ पुरत नाही. दोघांना एकाच ठिकाणाहून मिळालं असणार, आणि १० तारखेला घरात नवीन आलेला माणूस एकच होता. टेस्ट कोणाचीच झाली नाही, त्यामुळे कोर्टात हे टिकणार नाही. पण मला पुरेसं होतं. पुतणीला मी सॉरी म्हटलं, तिला ते कशाबद्दल हे कळलं नाही.

नेमकं कशातून गेलं असेल? यावर अमेरिकेत एक भारी प्रयोग झालाय, हॉल आणि डग्लस या डॉक्टरांचा, १९८१ मध्ये छापलेला. आपल्या लॅबमध्ये शोभेल इतका सोपा. आरएसव्ही झालेली बाळं दवाखान्यात होती. स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटानं बाळाला कडेवर घेतलं, दूध पाजलं, लंगोट बदलले. दुसऱ्यानं बाळ बाजूला नेल्यावर त्याच्या पाळण्याला नि वस्तूंना हात लावले आणि मग स्वतःच्या नाकाडोळ्यांना. तिसरा गट सहा फुटांहून दूर नुसता पुस्तक वाचत बसला. पहिल्या गटात ७ पैकी ५ जणांना लागण झाली, दुसऱ्यात १० पैकी ४, आणि तिसऱ्यात १४ पैकी एकालाही नाही. म्हणजे या विषाणूच्या बाबतीत जवळचे शिंतोडे आणि हात हेच मुख्य रस्ते. टेबलासारख्या कडक पृष्ठभागावर तो काही तास तग धरतो, हातावर त्याहून कमी. कोविड आणि फ्लूचं गणित थोडं वेगळं आहे. ते बंद खोलीच्या हवेतूनही सहज जातात, तिथे खिडकीचं महत्त्व जास्त. पण माझा तो पापा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आशाताईंच्या घड्याळाबद्दलही सांगायला हवं, कारण बाळ वाचलं ते त्यामुळे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतचं ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर ते धोक्याचं. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ही मोजणी ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत अशा सुईणींच्या हातात दिली. मण्यांची एक पट्टी आणि एक मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. त्यांचा गावपातळीवरच्या उपचाराचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जिथे गावातच उपचार मिळाले तिथे न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू बाकीच्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. ना बॅटरी, ना सर्किट. आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनला ठेवलं तर एक्स्टर्नल विचारतील, यात मायक्रोकंट्रोलर कुठाय?

पुढच्या वर्षी दिवाळीला निघायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. भाचा तोवर सव्वा वर्षाचा झालेला. तिनं परीक्षा कशी गेली ते विचारलं नाही. "नाक वाहतंय का तुझं?" एवढंच विचारलं. वाहत होतं. मी दोन दिवस उशिरा गेलो, मास्क लावून, आणि कापसाच्या खोलीत झोपलो. सरकीचा वास आणि उंदरांचा दंगा, झोप काही लागली नाही. सकाळी भाचा दारात येऊन हात पसरून उभा राहिला. मी त्याला लांबूनच टाटा केला, तर रुसून आजीकडे गेला.