अपघाती गाडी : सबंध घ्यावी की सुटे भाग?

सबंध तागा घेतला तर भाव कमी पडतो, पण आत डाग निघाला तर तो घेणाऱ्याच्या माथी, हे आम्ही कापडवाले जाणतो. अपघाती वेगवान मोटार सबंध घेणाऱ्या गॅरेजवाल्या बांधवांनाही हाच हिशेब लागू आहे.

उदाहरण स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 चे घेऊ. 2 लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ही गाडी 2017 मध्ये भारतात आली, त्याही अवघ्या 500. असा सुटा माल बाजारात सहज मिळत नाही. शिवाय इंजिनचा कॉम्प्युटर, मीटर आणि चावी एकमेकांशी बांधलेली असतात. नुसते इंजिन आणले तर ते चालू होईलच असे नाही. सबंध गाडीत वायरिंगपासून नटबोल्टपर्यंत सर्व जोडीचे मिळते. हा सबंध घेण्याचा खरा फायदा.

आता जोखीम पाहू. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या (आयडीव्ही) 75 टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. समजा ही किंमत 20 लाख असेल, तर दुरुस्ती 15 लाखांच्या वर गेलेली असते. तेव्हा "थोडे काम करून रस्त्यावर आणू" या बोलण्यावर भुलू नये.

माल असा तपासावा. धडक समोरून असेल तर रेडिएटर आणि इंटरकूलर आधी फुटतात. पाणी गळून गेल्यावरही गाडी चालवली असेल, तर इंजिन तापून बिघडलेले असू शकते. तेलात दुधासारखा रंग दिसतो का ते पाहावे. इंजिन हाताने फिरते का तेही पाहावे. उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरू नये, म्हणून ती हिशेबात धरू नये. विकले जाईल अशा प्रत्येक भागाचा पडेल भाव मांडावा. त्यातून वाहतूक, जागा आणि मजुरी वजा करावी. जे उरेल त्याच्या आतच बोली लावावी.

सर्वांत मोठी गोष्ट कागदांची. आरसी, कर्जाचा बोजा आणि चेसिस नंबर जुळवूनच बयाणा द्यावा. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 55 प्रमाणे मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. गाड्या मोडणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी 2021 पासून वेगळे नियम आहेत. म्हणून कटर लावण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.

काही गिऱ्हाईक माल सोडून नुसते कागद आणि चेसिस नंबरचा तुकडा मागतात, आणि त्याचे भरपूर पैसे देऊ करतात. तो नंबर चोरीच्या गाडीवर चढतो आणि तपास आपल्या दुकानापर्यंत येतो. असा सौदा कितीही नफ्याचा दिसला तरी करू नये. वर्षानुवर्षांची पत एका पत्र्याच्या तुकड्यासाठी घालवणे कोणत्याच व्यापाऱ्याला परवडत नाही.