टाकाऊ पट्ट्यांतून लागलेला शोध

जखमांवरून काढून फेकल्या जाणाऱ्या, पुवाने माखलेल्या पट्ट्यांत आनुवंशिकतेचे मूलद्रव्य सापडावे, हे नवलच होय. १८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे होप-झायलर यांच्या हाताखाली फ्रीड्रिख मीशर हे पंचविशीतील स्विस वैद्यक पदवीधर संशोधन करीत होते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे किल्ल्यातील जुना मुदपाकखाना! रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्या धुऊन त्यांनी पुवातील पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने त्यांतील प्रथिने पचविली. पेशींची केंद्रके मात्र बव्हंशी शिल्लक राहिली. त्यांतून मिळालेल्या पदार्थात फॉस्फरसचे प्रमाण बरेच होते. मीशर यांनी त्यास 'न्यूक्लिन' हे नाव दिले.

गुरूंना हे सहजी पटेना. सर्व प्रयोग स्वतः करून पाहिल्यावरच त्यांनी १८७१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध केला. ही सावधगिरी योग्यच म्हटली पाहिजे. तरुण संशोधकास ती जड गेली असल्यास नवल नाही. पुढे १८८९ मध्ये आल्टमान यांनी प्रथिनविरहित पदार्थास 'न्यूक्लिइक अम्ल' म्हटले.

तरीही शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथिनांवरच खिळलेले होते. अवघ्या चार प्रकारच्या घटकांचा हा पदार्थ आनुवंशिक गुणांचा भार कसा वाहणार, असा त्यांचा प्रश्न होता. १९४४ मध्ये न्यूयॉर्क येथे एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवर प्रयोग करून त्याचे उत्तर दिले. डीएनए या न्यूक्लिइक अम्लामुळे जंतूंचा गुण पालटतो आणि तो त्यांच्या पुढील पिढ्यांतही उतरतो, असे त्यांना आढळले. क्षयाने मीशर यांचे निधन होऊन तेव्हा ४९ वर्षे लोटली होती.