पीडितांची सोबत : एका आवश्यक कार्यक्षेत्राची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढील शिक्षणाची विचारपूस करण्यासाठी पालक आणि माजी विद्यार्थी आमच्याकडे येतात. अध्यापन, परिचर्या, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा या वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका कमी परिचित वाटेकडे लक्ष वेधू इच्छितो. लैंगिक अत्याचार, कौटुंबिक हिंसा आणि जातीय अत्याचार यांना बळी पडलेल्या व्यक्तींना तक्रारीच्या पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत आधार देणे, हे आता शिकून करावयाचे काम झाले आहे. त्याला कायद्याचे अधिष्ठान आहे. वडनेर भोलजीसारख्या गावांत वाढलेल्या मुला-मुलींची या कामात विशेष गरज आहे, असे आमचे मत आहे.

पूर्वपीठिका

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणुकीला व अत्याचाराला बळी पडलेल्या विधवांना तेथे सुरक्षितपणे बाळंत होता येई आणि त्यांची ओळख गुप्त राखली जाई. प्रथम सुरक्षितता, त्याबरोबर गुप्तता, आणि मदत मागणारीला दोष न देणे, ही त्या गृहाची तत्त्वे आजच्या कार्यकर्त्यालाही पायाभूत आहेत.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आपल्या विदर्भातच घडला. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघा आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयाने ओळखले होते. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर तेथे भर दिला गेला. या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला, तो याच दुरुस्तीने. त्या मुलीचे नाव अनेक पुस्तकांत छापलेले आहे. आम्ही ते येथे लिहिलेले नाही, याचे कारण वाचकांच्या लक्षात येईल.

कायदा बदलला, तरी तक्रारीपासून निकालापर्यंतच्या दीर्घ काळात पीडितेसोबत कोण उभे राहणार, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे एक उत्तर १९८४ मध्ये मुंबईत मिळाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेत बसून काम करू लागले. पुढे हे कक्ष राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचले. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडले. जखमेवर मलमपट्टी करून घेण्यासाठी आलेल्या स्त्रीला त्या जखमेचे कारण सांगण्याची जागा रुग्णालयातच मिळाली.

आजचा कायदा काय सांगतो

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, आणि त्याखालील २०२० चे नियम यांनी ‘सपोर्ट पर्सन’ ही भूमिका निश्चित केली आहे. तिला आपण आधारव्यक्ती म्हणू. बालकाच्या व पालकांच्या संमतीने बालकल्याण समिती अशी व्यक्ती नेमते. आधारव्यक्तींची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावयाची असते. त्यांचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावे, अशीही तरतूद आहे. आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो नियम असा, की ही आधारव्यक्ती नको, असे बालकाने सांगितल्यास त्याला कारण विचारले जात नाही. ज्या बालकाची इच्छा पायदळी तुडवली गेली, त्याच्या नकाराला येथे प्रथम मान मिळतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या व साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५-अ जोडले गेले. ते २०१६ पासून लागू आहे. जामिनाच्या सुनावणीत आपले म्हणणे मांडणे, साक्षीसाठी प्रवासखर्च मिळणे आणि सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांचे साहाय्य घेणे, हे सर्व या कलमाने हक्क ठरवले आहेत. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांना अत्याचार कायद्याचे नाव माहीत असते, हे कलम मात्र माहीत नसते.

प्रत्यक्ष काम

नवख्या कार्यकर्त्याची पहिली चूक बहुधा उत्साहातून होते. घटना काय घडली हे तो स्वतःच खोलात जाऊन विचारू लागतो. जबाब घेणे हे पोलिसांचे व दंडाधिकाऱ्यांचे काम आहे. पीडितेला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागू नये, हे पाहणे आपले काम आहे. दुसरी चूक साक्ष पढवण्याची. आधारव्यक्तीने न्यायालयाची खोली आधी दाखवावी, कोण कोठे बसते ते सांगावे, प्रश्न समजला नाही तर ‘समजला नाही’ म्हणता येते हे सांगावे. उत्तरे शिकवू नयेत. पढवलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही आणि खऱ्या घटनेवरही संशय येतो. तिसरी चूक निकालाचे वचन देण्याची. ‘आरोपीला शिक्षा होणारच’ असे कोणीही सांगू शकत नाही. ‘पुढच्या तारखेला मी येईन’ एवढे सांगता येते, आणि सांगितले तर पाळावे लागते.

कार्यकर्त्यास कार्यपद्धती तोंडपाठ हवी. पोक्सोखाली बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो. शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने तो घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या नजरेसमोर येऊ नये, याची काळजी न्यायालयाने घ्यावयाची असते. हे ज्याला ठाऊक आहे, तो ठाण्यात आवाज न चढवताही नम्रपणे आठवण करून देऊ शकतो.

खरी कसोटी मात्र गावात लागते. ‘आपसात मिटवा’, ‘पोरीचे लग्न अडेल’ असे सांगणारे दारात येतात. अशा वेळी निर्णय पीडितेचा व तिच्या कुटुंबाचा असतो. तो भीतीने होऊ नये, एवढी माहिती आणि सोबत देणे कार्यकर्त्याच्या हाती असते.

आपल्या भागातील मुला-मुली का हव्यात

नांदुरा, मलकापूर हा घाटाखालचा प्रदेश. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा घाटावर. तारखेसाठी वर गेले की त्या दिवसाचा रोज बुडतो. कपाशी वेचणीच्या दिवसांत आईला मुलीसोबत जाणे किती कठीण असते, हे बाहेरून आलेल्याला समजावून द्यावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांना ते जगण्यातून माहीत असते. भाषेचेही तसेच आहे. लहान मुलगी वऱ्हाडीत जे सांगते, ते प्रमाण मराठीत उतरवताना अर्थ निसटू शकतो. बालकाचा जबाब तो जसा बोलला तसाच नोंदवावा, असे कायदा सांगतो. ही बोली जाणणारी व्यक्ती जवळ असणे म्हणूनच मोलाचे आहे.

तयारी कशी करावी

बारावीनंतर समाजकार्याची पदवी आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण हा सरळ मार्ग आहे. नागपूरला मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था व तिरपुडे महाविद्यालय, मुंबईत निर्मला निकेतन आणि टाटा समाजविज्ञान संस्था येथे हे शिक्षण मिळते. विधी, परिचर्या किंवा मानसशास्त्राच्या पदवीधरांनाही या क्षेत्रात स्थान आहे. नोकरीच्या जागा सखी वन स्टॉप सेंटर, बाल संरक्षण कक्ष, रुग्णालये आणि स्वयंसेवी संस्था यांत असतात. त्यांतील बऱ्याच कंत्राटी असतात, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. ज्यांना शिक्षण सुरू असतानाच अनुभव हवा, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक होण्याची चौकशी करावी. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही एक माहिती घरोघरी पोहोचवली तरी कामाचा आरंभ झाला.

या कामाचा ताण मनावर साचतो. दुसऱ्याचे दुःख ऐकून स्वतःची झोप उडू लागली, तर नावे न सांगता अनुभवी सहकाऱ्याशी बोलावे. त्यात कमीपणा नाही. गुप्ततेची शपथ मात्र घरातही पाळावी लागते. जेवणाच्या ताटावर किंवा व्हॉट्सअॅपवर कोणाचीही हकीकत जाता कामा नये.

निवासी शाळांचे दायित्व

शेवटी आम्हां शिक्षकांविषयी. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणे हा पोक्सोच्या कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखास त्याबद्दल एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शेकडो मुले जेथे दिवसरात्र राहतात, त्या निवासी शाळांना शाळेचे नाव जपण्यासाठी गप्प राहण्याची मुभा नाही. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहिलेला असावा आणि तो कशासाठी आहे, हे वर्षारंभी वर्गात सांगितले जावे.

आमच्या माजी विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांपैकी कोणी या क्षेत्रात उतरू इच्छित असेल, तर त्यांनी शाळेशी संपर्क साधावा. प्रवेशापासून पुस्तकांपर्यंत जे साहाय्य आम्हांस शक्य आहे, ते आम्ही करू. घाटाखालच्या एखाद्या गावातून न्यायालयात निघालेल्या मुलीबरोबर तिच्याच बोलीत बोलणारी, कायदा जाणणारी व्यक्ती बसमध्ये शेजारी बसलेली असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.